अमेरिकेतल्या विद्यापीठांचे ऑनलाइन अर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः महाराष्ट्रातून पदवी घेऊन एमएसला जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतरच निघायचं असेल तर त्यासाठी मध्ये एक वेगळं उत्तर आहे. गेली काही वर्षं जून ते डिसेंबर मुलामुलींचे अर्ज पाठवण्याआधी नजरेखालून घालतो. मुलं एसओपीवर, म्हणजे अर्जासोबतच्या उद्दिष्टाच्या निबंधावर, महिनाभर घासतात आणि चुका करतात त्या नावाच्या, तारखेच्या आणि मार्कांच्या रकान्यांत. म्हणून इथे त्या रकान्यांना जास्त जागा दिली आहे.

आपल्या कॅप राउंडसारखा सगळ्यांसाठी एकच अर्ज असतो का?

एमएससाठी नसतो. प्रत्येक विद्यापीठाची वेगळी साइट, वेगळं खातं, वेगळी फी. बऱ्याच साइट एकाच सॉफ्टवेअरवर उभ्या असतात, त्यामुळे दिसतात सारख्या. पण एकीकडे भरलेलं दुसरीकडे आपोआप जात नाही. मेरिट लिस्ट लागत नाही, कटऑफ जाहीर होत नाही, पसंतीक्रमही नसतो. विभागातले लोक अर्ज वाचून ठरवतात. एकाच विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सची डेडलाइन १५ डिसेंबर आणि मेकॅनिकलची फेब्रुवारीत असं सर्रास असतं, म्हणून तारीख विभागाच्या पानावरच बघा.

सुरुवात कधी करायची?

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या फॉल इनटेकसाठी आदल्या वर्षीच्या जूनमध्ये. पासपोर्ट नसेल तर आधी पासपोर्ट. मग परीक्षा, सप्टेंबरपर्यंत ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांची अधिकृत नोंद), ऑक्टोबरमध्ये शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना विनंती. नामांकित विभागांच्या तारखा १ ते १५ डिसेंबरच्या आसपास असतात, बाकीच्यांच्या जानेवारी-फेब्रुवारीत. दिवाळीची सुट्टी मध्ये येते आणि तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात कोणी भेटत नाही, हे धरून चाला.

मार्कशीटवर नाव चार शब्दांचं आहे, पासपोर्टवर तीन, आधारवर वेगळंच. फॉर्ममध्ये कुठलं लिहू?

पासपोर्टवरचं.

आपल्याकडच्या मार्कशीटवर बहुतेक वेळा आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आईचं छापलेलं असतं. अमेरिकन फॉर्मला पहिलं, मधलं आणि शेवटचं नाव हवं असतं. मुलं मार्कशीट समोर ठेवून ओळीने भरत जातात आणि आडनाव पहिल्या रकान्यात, आईचं नाव शेवटच्या रकान्यात जाऊन बसतं. मग महिनाभर विद्यापीठाची पत्रं आईच्या नावाने येत राहतात.

पासपोर्टमध्ये दोनच खाने असतात: आडनाव आणि दिलेलं नाव. दिलेल्या नावात ‘स्नेहा राजेंद्र’ असेल तर पहिलं नाव स्नेहा, मधलं राजेंद्र. किंवा दोन्ही पहिल्या खान्यात आणि मधला खाना रिकामा. पुढे आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) तयार होताना ते एकाच खान्यात येतं, त्यामुळे दोन्ही चालतं. मात्र जे कराल ते जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा), टोफेल (इंग्रजीची परीक्षा) आणि प्रत्येक अर्जात तसंच करा. परीक्षेच्या नोंदणीत वेगळं स्पेलिंग पडलं की स्कोअर विद्यापीठात पोचूनही तुमच्या अर्जाला जोडला जात नाही.

मार्कशीटवरचं वेगळं नाव लिहायला ‘आधीचं किंवा इतर नाव’ असा रकाना असतो. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेल्यांनी माहेरचं नाव तिथे लिहावं. पासपोर्टवर आडनावाचा खाना कोराच असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. नाहीतर व्हिसावर तुमचं नाव आडनावाच्या जागी जातं, नावाच्या जागी ‘एफएनयू’ म्हणजे पहिलं नाव अज्ञात असं छापलं जातं, आणि बँक, लायसन्स, घरभाडं सगळीकडे त्या तीन अक्षरांचा खुलासा करत बसावं लागतं.

यादीतून कॉलेज निवडू की विद्यापीठ?

पदवीच्या प्रमाणपत्रावर ज्याचं नाव आहे ते. संलग्न कॉलेजात शिकलात तर विद्यापीठ निवडा. कॉलेजचं नाव वेगळ्या ओळीत विचारलं तर तिथे, नाहीतर रेझ्युमेत. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, तरी काही साइटच्या यादीत जुनंच नाव सापडतं. ते निवडलं तरी बिघडत नाही. पुण्याचं सीओईपी २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं, त्यामुळे तिथल्या मुलांनी आपली पदवी कोणाच्या नावे आहे ते आधी बघून घ्यावं. नाव मिळालंच नाही तर ‘यादीत नाही’ निवडून स्वतः टाइप करा.

दहावीनंतर डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. कसं दाखवू?

दोन वेगळ्या नोंदी करा. एक तंत्रशिक्षण मंडळाचा तीन वर्षांचा डिप्लोमा, दुसरी तीन वर्षांची पदवी. दोन्हींच्या मार्कशीट जोडा. फक्त पदवीच्या जोडल्या तर वाचणाऱ्याला सहाच सेमिस्टर दिसतात आणि पहिलं वर्ष कुठे गेलं असा प्रश्न पडतो. अतिरिक्त माहितीच्या रकान्यात एक वाक्य पुरतं: दहा अधिक तीन अधिक तीन अशी सोळा वर्षं झाली आणि डिप्लोमाच्या आधारे थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला. यात कमीपणा काही नाही. उलट वर्कशॉपमध्ये हात काळे केलेली मुलं एसओपीत सांगण्यासारखं बरंच घेऊन येतात आणि नेमकं तेच लपवतात.

बीकॉम, बीएस्सी अशी तीन वर्षांची पदवी चालते का?

काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी सोळा वर्षांचं शिक्षण हीच अट असते. फी भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. नंतर एमकॉम किंवा एमएस्सी झालेलं असेल तर प्रश्न सहसा मिटतो.

मार्क टक्क्यांत लिहू, सीजीपीएत की चारच्या स्केलवर? आणि केटी?

मार्कशीटवर जे छापलं आहे तेच लिहा आणि स्केल ‘१०’ किंवा ‘१००’ निवडा. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरने चारच्या स्केलवर स्वतः रूपांतर करू नका. आपल्याकडचे ६५ टक्के म्हणजे काय, हे भारतीय अर्ज दरवर्षी वाचणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. फॉर्म चारचाच आकडा मागत असेल तर रूपांतर कसं करायचं तेही त्याच पानावर दिलेलं असतं.

केटी लपत नाही. कितीही वेळा सांगितलं तरी कोणीतरी फक्त पास झालेल्या प्रयत्नाची मार्कशीट जोडतो. मागितल्या असतील तर सगळ्या जोडा. दुसऱ्या वर्षात दोन विषय राहिले आणि नंतर आलेख वर गेला, एवढ्यावरून अर्ज बाद होत नाही; दडवलेली मार्कशीट नंतर सापडली तर मात्र मिळालेला प्रवेशही जातो. कारण खरंच असेल, म्हणजे आजारपण किंवा घरात कोणाचा मृत्यू, तर दोन ओळींत सांगा. पेपर अवघड होता हे कारण नव्हे.

ट्रान्सक्रिप्ट लगेच पाठवायची का? मूल्यांकन करून घ्यावं लागतं का?

बहुतेक विद्यापीठांना अर्जाच्या वेळी स्कॅन पुरते; सीलबंद पाकीट किंवा डब्ल्यूईएससारख्या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून केलेलं मूल्यांकन प्रवेश मिळाल्यावर लागतं. काही जण सुरुवातीलाच मागतात. आपण होऊन सगळ्यांसाठी मूल्यांकनाचे पैसे घालू नका.

स्कॅन करताना मार्कशीटची मागची बाजूही घ्या, कारण ग्रेडचा तक्ता तिथे असतो. सगळ्या सेमिस्टरची मिळून एकच पीडीएफ करा आणि साइटवर दिलेल्या मर्यादेत बसवा. पासवर्ड असलेली फाइल पोर्टल घेत नाही. जोडल्यावर पूर्वावलोकन उघडून प्रत्येक पान वाचता येतं का ते बघा. मोबाइलने काढलेल्या फोटोत अंगठा दिसत असलेली मार्कशीट मी एकदा नाही, तीनदा पाहिली आहे.

शिफारसपत्रं कोणाकडून घ्यायची? सर म्हणतात, तूच लिहून आण.

हे उत्तर लांब होणार आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात. तुम्ही फॉर्ममध्ये प्राध्यापकांचं नाव, हुद्दा आणि ईमेल भरता. विद्यापीठ त्यांना थेट लिंक पाठवतं. ते काही प्रश्नांची उत्तरं देऊन पत्र अपलोड करतात. पत्र तुमच्या हातातून जात नाही, जायलाही नको. ईमेल शक्यतो कॉलेजच्या डोमेनचाच असावा. आपल्याकडे अनेक प्राध्यापक जीमेलच वापरतात, पण कॉलेजच्या आयटी विभागाला विनंती केली तर पत्ता उघडून मिळतो. ते काम सप्टेंबरमध्ये करा.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. पण एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रं तीन माणसांची वाटत नाहीत. तेच विशेषण तिन्हीत येतं, तीच वाक्यरचना येते. त्यापेक्षा सरांना एक पान द्या: कुठला विषय शिकवला, किती मार्क पडले, प्रोजेक्टमध्ये नेमकं मी काय केलं, कुठे अडलो, सरांनी काय सुचवलं. माहिती तुमची, भाषा त्यांची. विभागप्रमुख तुम्हाला ओळखतही नसतील तर त्यांच्या हुद्द्याच्या मोहात पडू नका. ज्या मॅडमनी तुमचा प्रोजेक्ट रात्री आठपर्यंत लॅब उघडी ठेवून करून घेतला, त्यांचं साधं पत्र कितीतरी जड असतं.

प्राध्यापकांच्या नावाने स्वतःच ईमेल खातं उघडून पत्र पाठवणं ही सरळसरळ फसवणूक आहे. वर्गातले सगळे करतात म्हणून तुम्ही करू नका.

याच पानावर ‘पत्र बघण्याचा हक्क सोडता का’ असा प्रश्न असतो. अमेरिकेतल्या १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक नोंद पाहण्याचा हक्क दिला आहे, त्यातून तो आला आहे. बहुतेक जण ‘हो, सोडतो’ निवडतात आणि तेच बरं. गोपनीय पत्र अधिक मोकळेपणाने लिहिलं असेल असं वाचणारा धरून चालतो.

लिंक पाठवल्यावर त्याच दिवशी फोन करा, स्पॅम बघायला सांगा, आणि डेडलाइनच्या दहा दिवस आधी एकदा आठवण द्या. आठ विद्यापीठं म्हणजे सरांना आठ वेळा तेच काम आहे.

एसओपीत काय लिहायचं? एआयकडून लिहून घेतलं तर कळतं का?

आधी प्रश्न वाचा. कोणी ५०० शब्द मागतं, कोणी दोन पानं. बर्कलीसारखी काही विद्यापीठं दोन वेगळे निबंध मागतात, एक उद्दिष्टाबद्दल आणि एक स्वतःच्या वाटचालीबद्दल. एकच मजकूर दोन्हीकडे चिकटवला की लगेच दिसतं.

नमुना हवा असेल तर आनंदीबाई जोशींचं १८८३ सालचं पत्र शोधून वाचा. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून अठराव्या वर्षी लिहिलेलं ते पत्र आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. प्रकृती ठीक आहे, आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आले आहे, आणि माझ्या देशातल्या बायकांना स्त्री डॉक्टर मिळावी म्हणून शिकायचं आहे: इतकं थेट. लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती, घरातला रेडिओ उघडून बघायचो, असली सुरुवात त्यात नाही. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

तुमच्या एसओपीतही तेवढंच हवं. आजवर काय केलं, त्यात कुठला प्रश्न सुटला नाही, तो सोडवायला याच विभागात का यायचं आहे. विभागातल्या प्राध्यापकांचं नाव घेत असाल तर त्यांचा अलीकडचा एक तरी पेपर वाचलेला असू दे.

एआयने लिहिलेलं कळतं की नाही यावर पैज लावू नका. बारावीनंतरच्या अर्जांसाठी अनेक कॉलेजांची मिळून जी साइट आहे त्या कॉमन ॲपने तर एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं फसवणुकीच्या व्याख्येतच घातलं आहे. एमएससाठी प्रत्येक विभागाचा नियम वेगळा आहे. व्याकरण तपासून घेणं आणि मजकूर लिहून घेणं यातला फरक तुम्हाला कळतोच. इंग्रजी थोडं खडबडीत राहिलं तरी चालेल.

जीआरई आणि टोफेल द्यायलाच हवं का?

जीआरई अनेक विभागांनी सोडून दिली आहे. यादी करताना ‘आवश्यक’, ‘ऐच्छिक’ आणि ‘स्वीकारत नाही’ असे तीन रंग द्या. तिसऱ्या रंगाच्या ठिकाणी स्कोअर पाठवणं म्हणजे पैसे वाया. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा दोन तासांच्या आतली आहे आणि स्कोअर पाच वर्षं चालतो. चार विद्यापीठांना परीक्षेच्या दिवशी मोफत पाठवता येतो, म्हणून यादी आधी पक्की असावी.

इंग्रजीच्या परीक्षेतून माफी सहज मिळत नाही. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचं कॉलेजचं पत्र काही विद्यापीठं मानतात, बरीच मानत नाहीत. टोफेल, आयईएलटीएस आणि अनेक ठिकाणी ड्युओलिंगोही चालतं. टोफेलचा स्कोअर दोन वर्षं चालतो. जानेवारी २०२६ पासून टोफेलचं गुणांकन १ ते ६ असं झालं आहे, तेव्हा जुन्या पानांवर १२० पैकी आकडे दिसले तर गोंधळू नका.

बारावीनंतर थेट जायचं असेल तर?

तिथे एकच अर्ज बऱ्याच ठिकाणी चालतो. कॉमन ॲप दरवर्षी १ ऑगस्टला उघडतं, एका खात्यातून २० कॉलेजांना अर्ज करता येतो, निबंध ६५० शब्दांपर्यंत, अभ्यासाबाहेरच्या गोष्टींच्या १० नोंदी. एमआयटीचा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज मात्र वेगळा. कॅलिफोर्निया विद्यापीठ एसएटी ही प्रवेशपरीक्षा बघतच नाही, एमआयटीला एसएटी किंवा तशीच एसीटी पुन्हा सक्तीची आहे.

महाराष्ट्रातल्या मुलांची अडचण वेगळीच असते. तिथली कॉलेजं नववी ते बारावीचे गुण आणि शाळेच्या समुपदेशकाचा अहवाल मागतात. आपली नववी-दहावी शाळेत, अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात, आणि त्या कॉलेजात शंभर मुलांच्या वर्गात नाव ओळखणारं कोणी नाही. समुपदेशक नसेल तर प्राचार्य किंवा उपप्राचार्य ते काम करू शकतात. अकरावीच्या सुरुवातीलाच त्यांना भेटून ठेवा. नववीची मार्कशीट घरात सापडत नाही असा अनुभव आहे, शाळेतून दुसरी प्रत काढा.

‘अर्ली डिसिजन’ हा पर्याय बंधनकारक असतो: निवड झाली तर जावं लागतं. खर्चाचा हिशेब झाल्याशिवाय तो निवडू नका. आर्थिक मदत मागितल्याने परदेशी विद्यार्थ्याच्या निवडीवर परिणाम होत नाही अशी मोजकीच ठिकाणं आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट त्यांतली.

फी भरताना कार्ड चालत नाही.

नवीन कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा वाढवा, फी भरून झाली की पुन्हा बंद करा. एमएसच्या अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर असते, स्टॅनफर्डची १२५. ती परत मिळत नाही. आठ अर्ज म्हणजे सातशे-आठशे डॉलर झाले, वर बँकेचा आकार. म्हणून पंधरा-वीस ठिकाणी अर्ज करायचा सल्ला देणाऱ्याला विचारा, हे पैसे कोण भरणार. फी-माफी प्रामुख्याने अमेरिकन विद्यार्थ्यांना असते, पण काही विभाग ऑनलाइन माहितीसत्राला हजर राहिलेल्यांना माफी देतात. एक नम्र ईमेल लिहायला काही लागत नाही.

डेडलाइन रात्री ११:५९ची. कुठली रात्र?

विद्यापीठाच्या पानावर वेळक्षेत्र दिलेलं असतं. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कची रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९, कॅलिफोर्नियाची असेल तर दुपारी १:२९. कॉमन ॲपमध्ये मात्र उलटं आहे, तिथे अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार डेडलाइन धरतात. म्हणजे पुण्यातल्या मुलाची वेळ पुण्याच्या रात्रीच संपते, अमेरिकेचे साडेदहा तास त्याला मिळत नाहीत. तसंही शेवटच्या रात्री साइट रांगते आणि कार्डाचा ओटीपी येत नाही. तीन दिवस आधी पाठवा.

छोटे रकाने: सोशल सिक्युरिटी नंबर, झिप, वंश?

सोशल सिक्युरिटी नंबर हा अमेरिकन सरकारचा क्रमांक, आपल्याला नसतो, रिकामा सोडा. शून्यं भरू नका आणि आधार क्रमांक तर मुळीच नको. झिपच्या जागी पिनकोड. सहावा अंक घेत नसेल तर देश आधी ‘भारत’ निवडला नसेल. जन्मतारखेत महिना आधी येतो: ५ ऑगस्ट म्हणजे ०८/०५. बारा तारखेपर्यंत जन्मलेल्यांची चूक साइटला कळतही नाही. वंशाचा प्रश्न ऐच्छिक असतो. नागरिकत्वात ज्या पासपोर्टवर प्रवास करणार तो देश. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोव्याच्या मुलांनी पोर्तुगाल लिहायचं, जन्मस्थान भारत.

कन्सल्टंट लावावा का?

लावायचा तर लावा, पण खातं तुमच्या ईमेलवर, पासवर्ड तुमच्याकडे आणि ‘सबमिट’चं बटण तुमच्या बोटाखाली. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे सगळे अर्ज एका कन्सल्टंटने स्वतः उघडलेल्या ईमेलवरून पाठवले. तिचा एक ॲडमिट त्या इनबॉक्समध्ये पडून राहिला आणि तिला कळेपर्यंत उत्तर देण्याची तारीख उलटून गेली. काही विद्यापीठं एजंटांना कमिशन देतात, तेव्हा यादीत तीच नावं पुढे का येतात हे विचारायला लाजू नका. मोफत आणि निःपक्ष माहिती हवी असेल तर अमेरिकन सरकारचं एज्युकेशनयूएसए आहे. भारतात यूएसआयईएफ (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) त्याचं काम पाहतं.

अर्ज पाठवला. आता?

दोन-तीन दिवसांत स्टेटस पोर्टलची लिंक येते. तिथे कागदांची यादी असते, काय मिळालं आणि काय नाही. आठवड्यातून एकदा बघा, रोज नको. स्कोअर पाठवूनही पंधरा दिवस ‘मिळाला नाही’ दिसत असेल तर नाव आणि जन्मतारीख सांगून ईमेल करा. निकाल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. स्टायपेंड किंवा असिस्टंटशिपसह ॲडमिट आला आणि आठवड्यात उत्तर द्या असा दबाव आला, तर ते विद्यापीठ ‘१५ एप्रिल ठराव’ मानतं का ते पाहा. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या त्या ठरावानुसार आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर १५ एप्रिलपर्यंत विचार करता येतो.

पैशांचे कागद कधी लागतात? जमीन दाखवली तर चालते का?

बहुतेक वेळा ॲडमिट मिळाल्यावर, आय-२० साठी. एका वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च भागेल इतकी रोख स्वरूपातली रक्कम दाखवायची असते: बचत, मुदत ठेव, मंजूर झालेल्या शैक्षणिक कर्जाचं पत्र. शेत, घर, सोनं यांची किंमत विद्यापीठं सहसा धरत नाहीत. जमीन तारण ठेवून मिळालेलं कर्ज चालतं, नुसता सातबारा नाही.

शिष्यवृत्तीचंही इथेच सांगतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जणांना; तिच्यासाठी विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघतात, म्हणून अर्जांची यादी करतानाच ते तपासा. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देत आलं आहे. फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

आय-२० आला. व्हिसासाठी लगेच काय करू?

सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन सरकारची यंत्रणा) ३५० डॉलरची फी भरा आणि पावती जपा. मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, व्हिसाची फी १८५ डॉलर, मग मुलाखतीची तारीख. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्या खात्यांची नावं विचारतात, कॉलेजच्या पहिल्या वर्षी उघडून विसरलेल्या खात्याचंही. आणि पुन्हा एकदा, नाव पासपोर्टवर जसं आहे तसं.